करडा म्हणजे कोणता रंग? गोव्याचे जुने काळे-पांढरे फोटो वाचताना

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हल्ली आठवड्याला एक तरी जुना गोवा येतो. मांडवीतली शिडाची गलबतं, पणजीच्या चर्चसमोरची घोडागाडी, जुने गोवेच्या बासिलिकेसमोर उन्हात उभी असलेली माणसं. मूळ फोटो काळे-पांढरे, पण ग्रुपवर पोचतात ते रंगीत होऊन. कुणीतरी फोनमधल्या अॅपला फोटो दिलेला असतो. दहा सेकंदांत आकाश निळं, माड हिरवे, भिंती बदामी. खाली सगळ्यांचं एकच म्हणणं, "किती जिवंत झाला!"

मध्यंतरी असाच बोम जेझू बासिलिकेचा एक फोटो आला. त्यात तिच्या भिंती फिकट विटकरी होत्या, म्हणजे आज आपण बघतो त्याच्या जवळपास. त्याच आठवड्यात माझ्या भाच्यानं माझ्या आजीचा लग्नानंतरचा फोटो रंगवून पाठवला. त्यात तिचं लुगडं गर्द निळं झालं होतं. आत्यानं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "हे नव्हे रे. आईचं लुगडं लाल होतं."

बासिलिकेचा रंग चुकला होता आणि आजीच्या लुगड्याचाही. दोन्ही चुकांचं कारण एकच आहे, आणि ते काळ्या-पांढऱ्या फोटोच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही.

## चांदीचं विरजण

जुना फोटो म्हणजे चांदी. पदक-पैंजणांची चकचकीत चांदी नाही, तर चांदीचे क्षार, म्हणजे चांदी आणि ब्रोमीन किंवा क्लोरीन यांची संयुगं. या क्षारांवर प्रकाश पडला की त्यांत बदल होतो. काचेवर किंवा कागदावर त्यांचा लेप दिला, कॅमेऱ्यात ठेवला आणि भिंगातून प्रकाश आत घेतला की जिथे उजेड जास्त तिथे बदल जास्त.

गंमत अशी की हा बदल आधी दिसतच नाही. काच कॅमेऱ्यातून काढली तर कोरीच वाटते. प्रकाशानं प्रत्येक कणात चांदीचे मोजके अणू मोकळे केलेले असतात, एवढंच. दुधाला लावलेल्या विरजणासारखं हे आहे. पातेलं भरून दुधात चमचाभर विरजण टाकलं तर लगेच काही दिसत नाही, पण रात्रभरात सगळ्याचं दही होतं. फोटोत हे काम डेव्हलपर नावाचं रसायन करतं. ज्या कणाला प्रकाशाचं विरजण लागलंय तो आख्खा कण काळी चांदी होतो, ज्याला नाही तो तसाच राहतो. मग हायपो नावाच्या रसायनाच्या द्रावणात उरलेले कोरे क्षार विरघळवून टाकायचे आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. ही धुलाई अर्धवट राहिली तर रसायन लेपातच राहतं आणि काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. पुष्कळ घरांतल्या फोटोंचा पिवळेपणा वयाचा नसतो, घाईत केलेल्या धुलाईचा असतो.

जिथे उजेड तिथे काळं, म्हणून काचेवर येतं ते उलटं चित्र, निगेटिव्ह. त्यावरून कागदावर पुन्हा छापलं की सुलटं.

१८३९ साली पॅरिसमध्ये फोटोग्राफी जाहीर झाली. १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची पद्धत आली. तिच्यात काचेवर चिकट लेप द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत डेव्हलप करायचा. फोटोग्राफरला अंधाराचा तंबू, बाटल्या आणि पाणी बरोबर घेऊन फिरावं लागे. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात तो लेप किती भराभर वाळत असेल याची कल्पना करा. १८८०च्या आसपास जिलेटीनच्या तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हा तंबू सुटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पणजीत सोझा अँड पॉल हा स्टुडिओ होता. गोव्याच्या दृश्यांचे त्यांचे अल्बम आजही अभ्यासक उघडतात. आपल्या शहराचं जुनं रूप आपल्यापर्यंत पोचलंय ते अशा लोकांनी काचा सांभाळत, उन्हात उभं राहून केलेल्या कामातून.

## काचेला लाल रंग दिसत नव्हता

आपल्याला वाटतं, काळा-पांढरा फोटो म्हणजे रंगीत दृश्यातून फक्त रंग वजा केला. तसं नाही.

चांदीच्या क्षारांना मुळात फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश कळतो. हिरवा, पिवळा, लाल यांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला आढळलं की लेपात ठरावीक रंगद्रव्यं मिसळली तर तो हिरव्या-पिवळ्यालाही जागा होतो. अशा काचेला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. तिलाही लाल दिसत नाही. सगळे रंग कळणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म विसाव्या शतकात आली, आणि छोट्या स्टुडिओंमध्ये लाल न दिसणाऱ्या काचा त्यानंतरही बरीच वर्षं वापरात होत्या. फोटो स्टुडिओच्या डार्करूममधला लाल दिवा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटकन पटेल. तो दिवा लावून निर्धास्त काम करता येई, कारण कागदाला तो दिसतच नसे.

आता हे गोव्यावर लावून बघा.

आकाश निळं, म्हणून फोटोत पांढरं फटक. १८९० च्या फोटोत ढग दिसत नाहीत ते याच कारणानं. नीळ घालून चुना मारलेली भिंत जवळजवळ पांढरी येते. कावेनं, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगानं, रंगवलेली भिंत गडद येते. चिरा, म्हणजे आपला जांभा दगड, तांबूस असतो, म्हणून काळपट येतो. कौलं काळी, लाल मातीचा रस्ता काळसर. आणि कपाळावरचं कुंकू काळं. आजीच्या फोटोत कुंकवाच्या जागी काजळाचा ठिपका लावल्यासारखं दिसतं. लहानपणी मला वाटायचं, तिनं खरंच काळं लावलंय.

लुगडंही तसंच काळं दिसतं. अॅपनं ते काळं पाहिलं, एवढं गडद म्हणजे निळं असणार असा अंदाज बांधला आणि गर्द निळा ओतला. पण त्या लुगड्याचा पदर आत्यानं कपाटात घडी घालून ठेवलाय. मी तो दिवाणखान्यात, फोटोच्या शेजारी उलगडून पाहिला. कुंकवासारखा लाल, घडीवर थोडा विरलेला, काठ हिरवा. फोटोत काठ करडा आहे आणि पदर काळा. म्हणजे काचेला हिरवं थोडं दिसलं, लाल मुळीच दिसलं नाही. आजीचा फोटो कोणत्या जातीच्या काचेवर घेतला होता हे मला त्या दीड वीत कापडानं सांगितलं.

## अॅप रंग आणतं कुठून?

रंग भरणाऱ्या अॅपच्या मागे कृत्रिम बुद्धिमत्ता असते. तिला लाखो रंगीत फोटो दिलेले असतात. त्यांतला रंग काढून ते करडे करायचे आणि मूळ रंग कोणता होता ते तिला ओळखायला लावायचं, असं तिचं शिक्षण होतं. हळूहळू ती शिकते की गवत बहुधा हिरवं, त्वचा अमुक छटेची, आकाश निळं. जुना फोटो दिला की करड्याची फिकी-गडद पातळी तशीच ठेवून वर रंगाचा थर चढवते.

अडचण इथे आहे. शिक्षणासाठी केलेला करडा हा आपल्या डोळ्याच्या हिशेबानं केलेला असतो. त्यात लाल मध्यम करडं येतं. १८९० च्या काचेच्या हिशेबात लाल म्हणजे काळं. दोन्ही करडे दिसायला सारखे, पण अर्थ वेगळा. मोडीतलं पत्र देवनागरी समजून वाचायला घ्यावं तसं हे होतं. काही अक्षरं ओळखीची वाटतात, आपण धडाधड वाचतही जातो, आणि निघालेल्या मजकुराचा मूळ पत्राशी संबंध नसतो.

दुसरी अडचण म्हणजे अॅपनं पाहिलेले फोटो आजचे असतात. बासिलिकेचे इंटरनेटवरचे फोटो उघड्या चिऱ्याचे आहेत, म्हणून जुन्या फोटोतली भिंतही त्याला विटकरी वाटली तर नवल नाही.

## मग बासिलिकेची भिंत कोणत्या रंगाची होती?

बोम जेझूची बासिलिका १५९४ ते १६०५ या काळात बांधली गेली. तिच्या चिऱ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, काढून टाकला गेला आणि आतला चिरा उघडा पडला. आज बहुतेकांना ती मूळचीच तशी वाटते, कारण आपल्या डोळ्यांसमोर तेवढीच आहे. गिलावा पुन्हा करावा की नाही यावर अलीकडे बराच वाद झाला. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. गावातली चिऱ्याची जुनी घरं गिलावा करून, दरवर्षी चुना मारून का जपली जातात हे इथल्या कुणाला सांगायला नको. दुसऱ्या बाजूला लोकांच्या मनात बसलेलं तांबडं रूप आहे. तेही सहज पुसता येणारं नाही. मला स्वतःला गिलाव्याची बाजू पटते, पण तो निर्णय दगड आणि चुना जाणणाऱ्यांचा.

फोटोचा संबंध असा. १९५०च्या आधीच्या फोटोत भिंती लख्ख पांढऱ्या दिसतात. कुणी म्हणेल, ऊन पडलं असेल. पण काचेला लाल दिसत नव्हतं, हे आता आपल्याला माहीत आहे. चिरा उघडा असता तर भर उन्हातही तो काळपटच आला असता, आणि त्याची भोकं-खळगेही दिसले असते. म्हणजे ती भिंत गिलाव्याचीच होती. जुने गोवेतल्याच सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडझड झालेल्या मनोऱ्याचा फोटो शेजारी ठेवा. जिथे गिलावा गळालाय तिथे तो काळवंडलेला दिसतो. एकाच गावातला दगड, एकाच जातीची काच, आणि दोन छटा.

पण हाच फोटो काय सांगू शकत नाही तेही मान्य करायला हवं. गिलावा पांढराशुभ्र होता की त्यात निळीची झाक होती, हे त्यातून कळणार नाही. त्या काचेला दोन्ही सारखेच.

## रस्ते इतके ओस कसे?

जुनी पणजी बघून अनेकजण म्हणतात, काय शांत गाव होतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शांत असेलही, पण फोटो त्याची साक्ष देत नाही. ओल्या काचेला कित्येक सेकंद प्रकाश लागे. तेवढ्या वेळात चालणारा माणूस चौकटीतून निघून जाई आणि काचेवर उमटतच नसे. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेरनं पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यात गाड्या-घोडे सगळे गायब आहेत. दिसतो तो बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता.

जुन्या फोटोत जमिनीलगत धुरासारखे पट्टे दिसले तर ते डाग समजू नका. ती माणसं आहेत, किंवा शेपटी हलवणारा बैल. ताणलेल्या चेहऱ्यांचंही तेच. मान हलू नये म्हणून ते श्वास धरून उभे असत.

## साल कसं ओळखायचं?

फोटोमागे तारीख क्वचितच असते. पण शहर स्वतःच पुष्कळ सांगतं.

जुने गोवेत सेंट ऑगस्टिनकडे बघा. त्या चर्चचं छत १८४२ मध्येच कोसळलं होतं, पण समोरची भिंत उभी होती. ती आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. भिंत उभी असेल तर फोटो त्याआधीचा. पणजीच्या चर्चची मोठी घंटा याच ऑगस्टिनची, ती इथे १८७१ मध्ये बसवली. समोरच्या नागमोडी पायऱ्याही त्याच सुमाराच्या. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा, म्हणजे संमोहनविद्येसाठी गाजलेल्या गोव्याच्या पाद्रीचा, पुतळा १९४५ मध्ये आला. मांडवी हॉटेल १९५२ चं, त्या वर्षीच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनासाठी उभारलेलं. मांडवीवरचा पहिला पूल १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. नदीवर पूल नसेल आणि काठाला होड्यांची गर्दी असेल तर आपण १९७० च्या आधी आहोत. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमधल्या खांबावर आज अशोकाचे सिंह आहेत. तिथे वास्को द गामा दिसला तर फोटो मुक्तीच्या, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा.

झेंड्याची खूण मला सर्वांत आवडते. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. राजाचा झेंडा निळा-पांढरा, नवा हिरवा-लाल. जुन्या काचेवर निळा जवळजवळ पांढरा येतो, त्यामुळे राजाचा झेंडा सबंध फिकट दिसतो. नव्या झेंड्याचा लाल भाग मात्र काळाकुट्ट. सरकारी इमारतीवरच्या नखाएवढ्या झेंड्यावरून असा काळ पकडता येतो.

आणखी एक गोष्ट आधी तपासा, फोटो सुलटा आहे ना. निगेटिव्ह उलटी धरून छापली की डावं-उजवं बदलतं. पाटी असेल तर लगेच कळतं. पाटी नसेल तर बाईची नथ बघा. ती उजव्या नाकपुडीत दिसली की संशय घ्यावा.

## "पण मुलं काळा-पांढरा फोटो बघतच नाहीत"

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. रंगीत झाल्यावर माझ्या भाच्यानं त्याच्या पणजीचा, म्हणजे माझ्या आजीचा, चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. रंगवायचं तर रंगवा. पण मूळ फोटोबरोबर पाठवा, आणि रंग अंदाजानं भरलेत हे खाली लिहा. रंगवलेली प्रतच पुढे पुढे जात राहिली तर वीस वर्षांनी कुणीतरी तीच पुरावा म्हणून दाखवेल.

फोटो "शार्प" करणाऱ्या अॅपबद्दल मात्र माझं मत कडक आहे. पुसट चेहऱ्यात जी माहिती नाहीच, ती ते इतर हजारो चेहऱ्यांवरून बनवतं. डोळे, पापण्या, ओठ सगळं सुरेख येतं, फक्त ती आपली आजी राहत नाही.

आणखी विचारतात, फोटो तरी खरा बोलतो का? कॅमेरा कुणाच्या हातात होता, कुठे रोखला होता, यावर ते आहे. अल्बमांत चर्च, गव्हर्नर, मिरवणुका, राजवाडे भरपूर. चतुर्थीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट), फोंड्याकडच्या देवळांतला उत्सव, खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं, शेत लावणाऱ्या बायका कमी सापडतात. ते आपल्याच घरांतल्या ट्रंकांत आहे. म्हणून त्या ट्रंका महत्त्वाच्या.

## ट्रंक उघडताना

गोव्यात फोटोचा पहिला शत्रू दमट हवा. फोटोचा लेप जिलेटीनचा, म्हणजे हाडा-कातड्यापासून काढलेला. बुरशीला तो आयताच खाऊ. फोटोला सोसेल ती हवेतली आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्के, आणि आपल्याकडे आषाढात ती ८० च्या वर सहज जाते.

पावसाळ्यात ट्रंक उघडू नका. दिवाळीनंतर कोरड्या हवेत उघडा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका, लेप फुगून निघून येतो. सुकवा आणि मऊ ब्रशनं हलकेच झटका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन नको, चिकट पानांचे अल्बम नकोत. कडेला चंदेरी झाक आली असेल तर तीही घासू नका, ती लेपातलीच चांदी वर आलेली असते. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, ओलाव्याला त्यांचा उपयोग नाही. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि बदलत राहा. स्कॅन ६०० डीपीआयला करा, मागची बाजूसुद्धा. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन अगदी सरळ धरून काढलेला फोटोही चालतो.

आणि नावं लिहा. मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीनं, दाब न देता. बॉलपेननं नको, त्याची शाई पुढे झिरपते आणि रेघ समोरून उठते.

आजीच्या फोटोमागे मी आत्याला शेजारी बसवून लिहिलं. उभे कोण, बसलेले कोण, कोणत्या घराची ओसरी. "लुगडं लाल, काठ हिरवा, पदर आत्याकडे." कोपऱ्यात खांबाला टेकून एक मुलगा उभा आहे, आठ-नऊ वर्षांचा, हललेला, चेहरा पुसट. आत्यानं बराच वेळ बघितलं. शेजारचा असेल म्हणाली, नाव आठवेना. म्हापशाला तिची एक मावसबहीण आहे, नव्वदीची. पुढच्या रविवारी फोटो घेऊन तिच्याकडे जायचं ठरलंय.